रिव्हालुंगाची पूररेषा

मी कबीरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका कुत्र्याशी इटालियनमध्ये बोलत होता.

मार्च होता. त्या दिवसांत इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, पाइनचा पिवळा पराग इतका उडतो की पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या हळद लागल्यासारख्या दिसतात. सांगलीला आईशी फोनवर बोलत मी ऑफिसात एखादी रिकामी कॉन्फरन्स रूम शोधत होते. एक दार ढकललं, तर समोरच्या पडद्यावर भिंतभर एक परदेशी गल्ली पसरलेली. गल्लीत बेकरीसमोर झोपलेला तांबूस कुत्रा, आणि त्याच्याकडे बघून हात हलवणारा एक उंच मुलगा.

"आई, थांब जरा," मी म्हणाले, "इथे एक येडा बसलाय."

"बसलेला नाही, उभा आहे," तो मराठीत म्हणाला. "आणि त्याचं नाव कबीर."

मी फोन ठेवला. सॉरी म्हणायची मला फारशी सवय नाही, म्हणून मी उलट त्यालाच विचारलं, "फोटोतल्या कुत्र्याशी कोण बोलतं?"

"तो रोज इथेच असतो. न बोलता पुढे जायला आय फील बॅड."

"फोटोतला आहे. जाणार कुठे बिचारा?"

"तेच तर," तो हसला. "लॉयल आहे."

कबीरचा जन्म इथलाच. त्याचं मराठी आईकडून आलेलं, तीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातलं, 'बरं का' आणि 'अगदीच' असलेलं. ते संपलं की इंग्रजी सुरू. कॉलेजात असताना तो सहा महिने इटलीत शिकायला होता, तिथून ती तिसरी भाषा घेऊन आला होता.

आमची कंपनी पुराचे नकाशे करते. नदी किती फुगली तर पाणी कुठल्या गल्लीत शिरेल, ते कॉम्प्युटरवर मांडून दाखवायचं. मी तेव्हा टेस्टिंगच्या टीममध्ये होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम, जे मला घरीही फुकट जमतं. कबीरकडे उत्तर इटलीतलं एक छोटं गाव आलं होतं, रिव्हालुंगा. पो नदीच्या काठी, वस्ती जेमतेम अडीच हजार.

"तू कुठली?" त्याने विचारलं.

"स्वानंदी. सांगलीची."

"सांगली कुठे आली?"

"कृष्णेच्या काठी. पावसाळ्यात आमच्याकडे लोक एकमेकांना कसा आहेस विचारत नाहीत. आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आहे, ते विचारतात."

त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस," तो म्हणाला. "प्लीज. तू बसच."

पुढच्याच महिन्यात मी त्याच्या टीममध्ये गेले. मॅनेजरला मी सांगितलं की मला नदीच्या कामात रस आहे. ते खोटं नव्हतं, नुसतं अर्धं होतं.

रिव्हालुंगा आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत पायी पालथं घातलं, म्हणजे पडद्यावर. रस्त्यांचे फोटो एकामागून एक सरकवत आम्ही चालायचो. गाव तव्यासारखं सपाट, औषधालाही टेकडी नाही. नदीकाठचं गाव असून घरांतून नदी दिसत नाही. मध्ये मातीचा बांध आहे, घरांच्या कौलांहून उंच. त्याच्यावरून सायकलची वाट जाते. पलीकडे ओळीत लावलेली पॉप्लरची झाडं, आणि त्यांच्याही पलीकडे ती, दुधाच्या चहाच्या रंगाची, संथ, सज्जन दिसणारी. कृष्णाही उन्हाळ्यात अशीच सज्जन दिसते.

"आज कुठे जेवायचं?" कबीर डबा उघडत विचारायचा.

"चौकात नको. ऊन आहे."

"मग चर्चच्या सावलीत?"

"चालेल. पण माझ्या भाकरीला हात लावायचा नाही."

"अगदीच कंजूष आहेस बरं का तू."

मग तो भाकरीचा अर्धा तुकडा न विचारता घ्यायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी दोन जास्त आणायचे. पडद्यावर बोट दाखवताना त्याची बाही माझ्या हाताला लागायची. दोघांपैकी कुणीच हात मागे घ्यायचं नाही, आणि दोघंही अगदी मन लावून चर्चकडे बघत राहायचो...

गावाचा इतिहास त्यानेच मला सांगितला. तीनशे वर्षांपूर्वी रिव्हालुंगा पोच्या उत्तर काठावर होतं. मग एका पुरात नदीने पात्र बदललं, आणि पाणी ओसरलं तेव्हा गाव दक्षिण काठावर होतं. गाव जागचं हललं नाही; नदीच उठून पलीकडे जाऊन बसली. या काठाचा राजा वेगळा, त्या काठाचा वेगळा. शेतं तीच, घरं तीच, देव तोच, आणि माणसं परमुलखातली झाली. शेजारच्या गावात त्यांना अजूनही 'पलीकडचे' म्हणतात.

"म्हणजे हलले नाहीत तरी परके झाले," मी म्हणाले.

"आणि माझी आई म्हणते, ती हलली म्हणून परकी झाली. काहीही करा, यार."

हे तो हसत म्हणाला, पण नंतर बराच वेळ बोलला नाही. मला वाटतं, मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या गप्प बसण्यात.

चर्चच्या दाराशेजारी एक संगमरवरी पाटी होती. सत्तर-एक वर्षांपूर्वीच्या महापुरात पाणी कुठवर आलं, ती रेघ त्या पाटीवर कोरलेली. नदीच्या मोजणीचे त्या काळचे आकडे गावाकडे उरले नव्हते, त्यामुळे आमचं सगळं गणित त्या एका रेघेवर उभं होतं. ती रेघ धरून आम्ही हिशेब मांडला, आणि बांधाशेजारच्या खालच्या आळीतली बालवाडी पुराच्या बाहेर राहते असं निघालं. थोडक्यात, पण बाहेर. बालवाडी तिथेच ठेवायची की हलवायची, हे गावाची नगरपालिका आमच्या रिपोर्टवरून ठरवणार होती.

जूनमध्ये मला ऑफिसातून कळलं की कबीरला इटलीत वर्षभराचं पोस्टिंग मिळत होतं आणि त्याने नाही म्हटलं.

"का रे?" मी विचारलं.

"कॅरीची हवा मला मानवते."

बाहेर अंगाची लाही होत होती. खरं कारण मी ओळखलं.

आज ना उद्या आपणच मनातलं बोलायचं, असं मी म्हणत होते. मग गणपतीत त्याच्या आईने, दीपाकाकूंनी, मला घरी बोलावलं. घर माणसांनी भरलेलं. काकू स्वयंपाकघरात मोदकांपाशी, मी पानं वाढत होते. सोफ्यावरून त्यांच्या मैत्रीण सुहासिनीकाकू हसत हसत शेजारणीला म्हणाल्या, "व्हिसावरच्या मुली हुशार असतात बाई. सिटिझन मुलगा बरोबर हेरतात."

त्या माझ्याबद्दलच बोलल्या का, कोण जाणे. पण उरलेली पानं मी मान वर न करता वाढली. माझा व्हिसा तेव्हाच रिन्यूअलला गेलेला आणि अडकलेला. तो आला नाही तर परत सांगलीला, आणि मध्येच देशाबाहेर गेले तर परत येण्याची खात्री नाही. अशा वेळी मी ज्याला 'तू मला आवडतोस' म्हणणार, त्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट. माझ्या प्रेमाला असा वास लागलेला मला सहन होणार नव्हता. मी ठरवलं, बोलायचंच नाही.

ऑक्टोबरात रिपोर्ट तयार झाला. वर छान चित्र हवं म्हणून रिव्हालुंगाच्या नगरपालिकेतल्या ग्रंथपाल बाईंनी, ओर्नेला त्यांचं नाव, गावातले काही जुने फोटो पाठवले. त्यातला एक साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाचा. चर्चच्या दारात नवरा-नवरी उभे, तिच्या डोक्यावरची जाळी वाऱ्याने उडालेली, तो तिच्याकडे बघतोय. इतका गोड फोटो की मी तोच निवडला. मोठा करून बघत होते आणि नजर वर गेली.

पाटी दाराच्या कमानीवर होती. नवऱ्याच्या डोक्याच्याही कितीतरी वर.

आजच्या फोटोत तीच पाटी दाराशेजारी, छातीच्या उंचीवर. कुणी टाच न उचलता वाचावी अशी.

मला काही विचारायची गरजच नव्हती. २०१९ च्या पुरानंतर माझ्या वडिलांनी आमच्या हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारली होती. पुढे घर रंगवलं तेव्हा काकांनी ती पुन्हा मारली, त्यांचा हात जिथे सहज पोचला तिथे. आईने चांगलं फैलावर घेतलं तेव्हा कुठे ती वर गेली. आम्हा नदीकाठच्या लोकांना ठाऊक असतं की रेघा माणसं मारतात. तरी मी रिव्हालुंगाची रेघ डोळे मिटून खरी मानली होती, कारण ती संगमरवरावर होती.

तरी खात्रीसाठी ओर्नेलाबाईंना फोन केला. कबीर त्या दुपारी सुट्टीवर होता. बाईंचं मोडकं इंग्रजी आणि माझं बरं इंग्रजी यांवर भागलं. चर्चचा गिलावा नवा करताना पाद्रीबाबांनी पाटी खाली आणली, त्या कौतुकाने म्हणाल्या. म्हाताऱ्यांना आणि मुलांना वाचता यावी म्हणून.

झाकली मूठ सव्वा लाखाची. रिपोर्ट सोमवारी जाणार होता, फोटो फक्त मी पाहिला होता. सांगितलं तर सगळी मोजणी पुन्हा होणार, तीही जागेवर जाऊन, आणि इटालियन येणारा आमच्यात एकच. सांगितलं तर तो जाणार. गप्प राहिले तर तो रोज बारा वाजता डबा उघडून विचारणार, आज कुठे जेवायचं.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. सारखी ती बालवाडी डोळ्यांसमोर यायची. खिडकीत कागदाची फुलं चिकटवलेली, दारात बुटक्या सायकली.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी कबीरला बाँड पार्कच्या तळ्यावर बोलावलं. पाऊस भुरभुरत होता. तो छत्री न घेता आला होता, म्हणून एका छत्रीत चालावं लागलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "चेहरा असा का केलायस?"

"कबीर, पाटी हलवलेली आहे."

मी फोनवर फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"किती?"

"दीड मीटर तरी."

"बालवाडी..."

"खिडकीपर्यंत पाणी."

तो ओल्या बाकावर तसाच बसला. मीही बसले.

"पूर्ण सर्व्हे परत करावा लागेल," तो म्हणाला. "तिथे जाऊन."

"हो."

"म्हणजे मला. एक वर्ष. मे बी मोअर."

"माहितीय."

"रिपोर्ट तसाच गेला असता तर कुणालाच कळलं नसतं, स्वानंदी."

"पुराला कळलं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. केसांतून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही. "जूनमध्ये मी नाही का म्हटलं, तुला ठाऊक आहे ना?"

"हवा मानवते म्हणून."

"स्वानंदी—"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मराठीत."

तो थांबला... शब्द शोधायला की धीर गोळा करायला, देव जाणे. "तू इथे होतीस म्हणून," तो म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून. बरं का."

त्या 'बरं का'ने मला रडू फुटलं. "माझंही आहे," मी म्हणाले. "कधीपासूनचं."

"मग चल. जायच्या आधी लग्न करू. कोर्टात. तुझ्या व्हिसाचंही—"

"नाही."

"नाही?"

"हेच. हे 'व्हिसाचंही' जे म्हणालास ना, म्हणून नाही."

"लोक गेले खड्ड्यात."

"लोकांचं सोड. दहा वर्षांनी आपण कशावरून तरी भांडू, आणि माझ्याच मनात येईल की मी तुला हो म्हटलं तेव्हा मला गरज होती. मला गरज नसताना तुला हो म्हणायचंय. व्हिसाचा कागद माझ्या कामाच्या जोरावर येऊ दे. मग मी विचारेन. तू नाही विचारायचंस, मीच."

"आणि नाही आला तर?"

त्याने छत्री माझ्या हातातून घेतली आणि माझ्यावर धरली.

मॅनेजरसमोर आम्ही दोघं मिळून गेलो. आपलेच दात, आपलेच ओठ. मॅनेजर बाईने दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून पाहिले, मग ती म्हणाली, थँक यू. नोव्हेंबरात तो गेला. विमानतळावर त्याने मला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या जॅकेटच्या खांद्यावर माझ्या काजळाचा डाग पडला. तो पुसू लागले तर त्याने माझा हात धरला आणि नको म्हणाला.

त्याने कमानीपाशी शिडी लावून जुन्या पाटीच्या खिळ्यांची भोकं शोधली. मोजलं. नवा नकाशा झाला, आणि ईस्टरच्या सुट्टीत नगरपालिकेने बालवाडी खालच्या आळीतून उठवून ग्रंथालयाच्या माडीवर नेली. काही आईबाप चिडले, रोज जिना कोण चढणार म्हणून. कबीर हे सगळं मला फोनवर सांगायचा. तो संध्याकाळच्या बांधावर, मी दुपारच्या डब्यापुढे. दरवेळी शेवटी विचारायचा, "कागद?" मी म्हणायचे, "नाही."

मेच्या अखेरीस तिकडे डोंगरात पाऊस लागला आणि पो चढू लागली.

तिथल्या पाण्याची उंची ऑनलाइन दिसते. मी घरून काम करत होते, म्हणजे करत नव्हते. दर थोड्या वेळाने आकडा बघत होते. सकाळी कबीरचा मेसेज आला होता की गावकऱ्यांबरोबर तो वाळूच्या पोत्यांवर आहे. बांधावर पाळीपाळीने गस्त असते, पाणी कुठे पाझरतंय का ते बघायला. त्यानंतर त्याचा फोन लागेना. आकडा वाढत गेला. आमच्या जुन्या नकाशात तो जिथे थांबायला हवा होता, ती खूण मला पाठ होती. तिथे तो थांबला नाही.

दीपाकाकूंचा फोन आला. "काही कळलं का गं त्याचं?"

"नाही काकू."

"तू इकडेच ये. एकटी नको बसूस. आणि मीही नको."

त्यांच्या डायनिंग टेबलावर आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. त्यांनी चहा केला, तो कुणीच प्यायलं नाही. आकडा वर जायचा आणि काकू माझा हात दाबायच्या. मध्येच त्या म्हणाल्या, "कबीरने सांगितलंय मला, तुझ्या कागदाचं. एक बोलू?"

"बोला ना."

"आम्ही आलो तेव्हा यांचं ग्रीन कार्ड यायला आठ वर्षं गेली. तोवर थांबले असते, तर हा कबीर झाला नसता."

मी हसले. मला दिसलं की मी काय करत होते. पाणी त्याच्या पायांशी येऊन ठेपलं होतं, आणि मी इथे माझा मान जपत एका सरकारी पाकिटाची वाट बघत बसले होते. दहा वर्षांनंतरच्या भांडणाची मला केवढी काळजी. ते भांडायला तो असायला हवा, एवढं साधं मला कळलं नव्हतं. सुहासिनीकाकूंचं ते वाक्य मी आठ-नऊ महिने पोटात सांभाळलं होतं, आणि ज्याच्यासाठी सांभाळलं त्याला सांगितलं मात्र नव्हतं.

मग आकडा थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. आणि एक बोटभर उतरला.

काकूंनी देवापुढे दिवा लावला, तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ. कबीर कपाळापर्यंत चिखलाने माखलेला, मागे वारा आणि उन्हं कललेली.

"कुणाचातरी फोन मागून घेतलाय," तो म्हणाला. "सगळे ठीक आहेत. बांधाच्या खालून एका जागी पाणी आलं, खालची आळी भरली. स्वानंदी, बघ."

त्याने कॅमेरा वळवला. बालवाडीची इमारत गढूळ पाण्यात उभी होती. पाणी खिडकीच्या कडेला टेकलेलं, काचेवर अजून एक कागदाचं फूल चिकटलेलं. आत कुणी नव्हतं. बांधावर बाया-बाप्ये उभे होते, पोरांना कडेवर घेऊन, आणि सगळे त्या खिडकीकडे बघत होते.

कॅमेरा परत त्याच्याकडे आला. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

"कबीर," मी म्हणाले, "माझ्याशी लग्न करशील?"

तो बघतच राहिला. "कागद आला?"

"नाही."

"मग? तू म्हणाली होतीस—"

"म्हणाले होते. आता विचारतेय."

"आई शेजारी आहे ना तुझ्या?"

"आहे. रडतायत त्या. तू उत्तर दे."

त्याच्या मागून कुणीतरी इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं, आणि त्या ओल्या बांधावर, चिखलातच, हळूच खाली बसला.

"परत विचार," तो म्हणाला. "नीट ऐकतो."

मी परत विचारलं.